मेहरूणची माती

जळगाव, ३ एप्रिल १९३८
सकाळच्या गाडीने पोचलो. धुळ्याची कारकुनी सुटली, याचा आनंद पोटात मावत नाही! शेठजींच्या नव्या क्रीडागृहाचा मी व्यवस्थापक. वर पत्र्याचं छप्पर, चारी बाजूंनी लाकडी पायऱ्या, मधोमध कुस्तीचा हौद. गाण्याच्या दिवशी हौदावर फळ्या टाकल्या की झाला रंगमंच. भर पावसाळ्यातही दंगल आणि मैफल! वस्ताद कादरभाई हौदात तेल, ताक, हळद घालून माती मळत होते. मेहरूणचा तलाव आटला, तेव्हा तळातून गाड्या भरून आणलेली ही माती. इतकी मऊ, की हात काढवेना.

७ एप्रिल
मेहरूणची एक म्हातारी, ताईबाई, फाटकाशी येऊन बसते. तिचा मुलगा झिपरू तलावात बुडाला, प्रेत सापडलंच नाही. माती परत टाका म्हणते. शेठजींनी तिला हाकलायला सांगितलं. मी फाटक लावून घेतलं. ती गजांना धरून म्हणाली, "भाऊ, मना पोऱ्या शे तठे."

१० एप्रिल
उद्घाटनाची मैफल. कुंदाबाई अर्ध्या चिजेत थांबल्या. फळ्यांखालून कुणी ठोकतंय म्हणाल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या, चपला फेकल्या. बाई रडत उठून गेल्या. नंतर मी एक फळी उचलून पाहिली. खाली कुणी नव्हतं. मातीवर मात्र हाताचे पंजे उमटले होते, खालून वर दाबल्यासारखे फुगीर.

१२ एप्रिल
शेठजींना सांगितलं. ते हसले. दंगल ठरल्याप्रमाणे होणार.

१५ एप्रिल
साक्रीचा पंडित पैलवान पाठीवर पडला तो उठलाच नाही. जोडीदार बाजूला झाला, तरी याची पाठ मातीला चिकटलेली. चौघांनी ओढून काढला. तोंडात ओला गाळ, शेवाळ. हौद तर कोरडा ठणठणीत! आम्हीच मातीत काही कालवलं म्हणत लोक अंगावर आले. कादरभाईंचं डोकं फुटलं. क्रीडागृहातल्या माझ्या खोलीवर दगड पडले. पंडित दवाखान्याच्या वाटेतच गेला.

१७ एप्रिल
माती उपसायला मजूर येत नाहीत. वाणी मला मीठ देत नाही. शेठजी म्हणतात, येत्या रविवारी दुसरी दंगल. मी नाही म्हणालो, तर फाटकाला बाहेरून कुलूप घातलं. दंगलीपर्यंत आतच राहा म्हणे.

१८ एप्रिल
भर दुपार. ताईबाई मागच्या भिंतीचे पत्रे वाकवून आत आली. मी अडवलं नाही. दोघांनी घमेली भरायची, एवढंच ठरलं. ती हौदात उतरली, मातीला कान लावला, झिपरूला हाक मारली. खालून ओ आली. मीही ऐकली. तिचा चेहरा उजळला — आणि लगेच पांढरा पडला. "पळ, भाऊ! एकला मना पोऱ्या नही. आठे बठ्ठा शेतस!" तलावात बुडालेले सगळेच इथे होते.
मी हात दिला. तिचा हात माझ्या हातात होता. मग नव्हता.

खोलीत आहे. दाराला टेबल लावलंय. पत्रे आता वाकत नाहीत — बाहेरून कुणी दाबून धरल्यासारखे —

पायऱ्या भरताहेत. फटीतून दिसतं. ओली माणसं, बायका, पोरं. सगळी इकडेच बघतात. ताईबाई पुढच्या रांगेत —

टाळ्या. आता जोडी पुकारताहेत. पहिलं नाव पंडितचं. तो उतरला —

दुसरं नाव माझं. टेबल सरकतंय, मी धरून —