दुसऱ्याच्या हातची गोळी

रविवार, ९ जून

फेब्रुवारीच्या अकरा तारखेनंतर आजच वही उघडतोय. माफी कोणाची मागायची हा प्रश्नच आहे, कारण वाचणारा मी एकटा. तरी मागतो. जो माणूस पगार घेऊन दुसऱ्यांची वजनमापं आणि नोंदी तपासतो, त्याची स्वतःची वही चार महिने कोरी असणं बरं दिसत नाही.

कारण असं की आज क्लबच्या स्पर्धेत रॉइसच्या पिस्तुलात फुसकी गोळी निघाली. ती मी घरी भरलेली होती: जुनी पुंगळी, आत दारू, वर शिसं, सगळं माझ्या हातचं.

जसं घडलं तसं लिहितो. चार गोळ्या नीट गेल्या. पाचवीला 'धाड' ऐवजी नुसतं 'फट्'. पुंगळीत दारूच नसली की असं होतं. पुंगळीच्या बुडाशी असलेल्या प्रायमरच्या ठिणगीवर गोळी नळीत अर्ध्यापर्यंत जाते आणि अडकते. तिच्यामागून दुसरी मारली तर नळी फुटते, आणि कधी कधी तिच्यासोबत बोटंही जातात. रॉइसने सवयीने स्लाइड ओढून पुढची गोळी चढवलीसुद्धा होती. मागे टायमर घेऊन उभा असलेला क्लबचा पंच वेंडेल "थांब!" म्हणून असा ओरडला की पार्किंगमधली कुत्री भुंकायला लागली.

रॉइस थांबला. हसला. म्हणाला, मला वाटलं उंदीर शिंकला.

वेंडेल हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, काय हो निरीक्षकसाहेब, आज माप कमी पडलं?

दुसऱ्याच्या हातची गोळी आपल्या पिस्तुलात घालायची नाही, हा आमच्या क्लबात सगळ्यात जुना नियम. तो कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. नवरा-बायकोसुद्धा आपापली भरतात. फक्त रॉइस, माझा धाकटा भाऊ, अकरा वर्षं माझ्याच हातच्या गोळ्या मारत आलाय. हे इथे लिहून ठेवतो, कारण मला त्याचा अभिमान आहे, आणि आयुष्यात अभिमानाच्या गोष्टी मोजक्याच असतात.

सप्टेंबरमध्ये राज्य स्पर्धा आहे. तिथेही तो माझ्याच गोळ्या मारेल. हे ठरलेलंच आहे.

मंगळवार, ११ जून

चौकशी केली. दारू मोजून टाकणारं यंत्र पन्नास वेळा चालवून बघितलं. वजनं ऑफिसची वापरली. सरकारी वजनं खाजगी कामाला वापरणं योग्य का, यावर अर्धा तास विचार केला. वापरून, पुसून परत ठेवली. यंत्र पन्नासच्या पन्नास वेळा बरोबर.

म्हणजे दोष यंत्राचा नाही. राहता राहिला ओलावा. एप्रिलभर पाऊस होता, दारूचे दाणे चिकटले असतील.

शिवाय आठवलं की ती पेटी भरताना बायकोने, जनेलने, खालून हाक मारली होती, भांडी धुण्याचं मशीन गळतंय म्हणून. भरणाऱ्या माणसाला मध्येच हाक मारणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळत नाही. न्यायाने सांगायचं तर तिने एकदाच हाक मारली, आणि उठून जाऊन तिथे वीस मिनिटं मीच उभा राहिलो. मशीन तिनेच दुरुस्त केलं.

कारण: ओलावा (मुख्य). हाक (दुय्यम).

शनिवार, १५ जून

संकल्प. भरताना फोन बाहेर. रेडिओ बंद. दार बंद. रोज सकाळी वीस मिनिटं रिकाम्या पिस्तुलाने सराव. बीअर फक्त रविवारी.

जनेलला सांगितलं, यापुढे दार वाजवायचं आणि मी 'ये' म्हणेपर्यंत थांबायचं. ती म्हणाली, आत काय, कुणी बाळंत होतंय?

रविवार, २३ जून

रॉइस जेवायला आला होता. डुकराच्या मांसाचा तळलेला सँडविच केला होता, त्याच्या आवडीचा. रॉइस वीज मंडळात लाइनमन आहे. दिवसभर खांबावर, आणि सगळं काम बोटांचं.

जेवता जेवता सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, केन, गोळ्या भरायच्या प्रेसला एक घंटी बसते म्हणे. पुंगळीत दारू नसली की वाजते. बसवून टाक ना.

मी म्हणालो, मला डोळे आहेत. एकोणीस वर्षं मी या जिल्ह्यातले पेट्रोलपंप आणि धान्याचे काटे तपासतोय. एकही पंप मला फसवू शकला नाही.

तो म्हणाला, पंपांना तू तपासतोस रे. तुला कोण तपासतं?

याला उत्तर होतं. पण तोंडात घास होता.

मग म्हणाला, निदान भरलेल्या गोळ्यांचं वजन तरी करून बघ. समजावून सांगितलं की त्याने काही कळत नाही. आत दारू चिमूटभर असते, आणि एका पुंगळीच्या आणि दुसरीच्या वजनातच त्याहून जास्त फरक पडतो. भरलेली गोळी फोडल्याशिवाय आतलं दिसत नाही. तो म्हणाला, हो का. मग दाराबाहेरच्या मक्याच्या शेताकडे बघत बसला.

शेवटी सरळ विचारलं. राज्य स्पर्धेला माझ्याच गोळ्या घेशील ना?

म्हणाला, घेईन की.

म्हणायला थोडा वेळ लागला. पण तो चावत होता.

रविवार, १४ जुलै

क्लबची स्पर्धा. सव्वीसात तेविसावा.

कारणं: वारा. नवा पट्टा कमरेला घट्ट. माझ्या आधीचा नेमबाज फार हळू होता, त्याने माझी लय गेली. सकाळचा सराव एकोणतीस दिवसांपैकी चार दिवस झाला, पण ते चार दिवस मन लावून झाला.

रॉइस तिसरा. त्याला पिस्तूल धरायला मी शिकवलं. तो तेव्हा बावीसचा होता आणि डोळे मिटून चाप ओढायचा.

आज तो दुकानातल्या गोळ्या मारत होता. मी विचारायच्या आत स्वतःच म्हणाला, तुझ्या गोळ्या राज्य स्पर्धेसाठी राखून ठेवल्यात, इथे कशाला उडवायच्या? मला भरून आलं. चांगली वस्तू चांगल्या दिवसासाठी ठेवावी, हे त्याला कळतं. वेंडेलला मुद्दाम ऐकू जाईल असं मी ते दोनदा बोलून दाखवलं.

शनिवार, १० ऑगस्ट

राज्य स्पर्धेच्या चारशे गोळ्या भरल्या. दोनशे त्याच्या, दोनशे माझ्या.

अशी भरणी मी आजवर केलेली नाही. जनेल दिवसभर तिच्या बहिणीकडे. फोन गाडीत. दार आतून बंद. हवा कोरडी. प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून आत बघितलं, मगच वर शिसं बसवलं. पाच तास लागले. प्रेसचा दांडा ओढताना एक प्रकारची शांतता येते, ती चर्चमध्येही मला येत नाही. हे लिहिणं बरोबर नाही, पण खरं आहे.

त्याच्या डब्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी लावली: 'रॉइस. राज्य. २००. तपासलेल्या.' संध्याकाळी नेऊन दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाला, एवढं कशाला करतोस केन.

शनिवार, १४ सप्टेंबर, मोटेल

राज्य स्पर्धा. दिवस चांगला गेला, एकंदरीत.

मोठ्या स्पर्धेत गोळ्यांची जोरचाचणी असते. प्रत्येकाच्या आठ गोळ्या घेतात, वेग मोजतात, वेग आणि वजन गुणून आकडा काढतात. १२५ च्या खाली आलात तर गुण शून्य. मी नेहमी थोडीच वर ठेवतो, म्हणजे पिस्तूल हातात कमी उसळतं. माझा आकडा १२७.

रॉइसचा १३८.

गोळ्या त्याच. दारू तीच, दिवस तोच, हात तोच. मी तिथल्या माणसाला सांगितलं की माझ्या भावाची नळी घट्ट असणार. तो म्हणाला, असेल बुवा. रॉइस बुटाची नाडी बांधत होता.

तो एकशे ऐंशीत अकरावा आला. अकरावा! आमच्या क्लबमधून कोणी इतकं वर गेलेलं नाही. लोक त्याच्याशी हात मिळवत होते. मी शेजारी उभा राहून सांगत होतो की गोळ्या घरच्या आहेत. चारपाच जणांनी माझ्याशीही हात मिळवला. रॉइस म्हणाला, चला, कॉफी घेऊ.

एक बारीक गोष्ट. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये गोळ्या भरायला तो दर वेळी एकटा आपल्या ट्रककडे जात होता. म्हणाला, तिथे सावली आहे. आभाळ दिवसभर भरलेलं होतं. स्पर्धेच्या दिवशी माणसाला एकांत लागतो, मी समजू शकतो.

मी एकशे एक्कावन्नावा. शेवटच्या टप्प्यात दोन निशाणं दिसलीच नाहीत, ती फार वाईट जागी लावली होती. वेंडेल म्हणाला, साहेब, भाऊ तुमच्या गोळ्यांनी अकरावा येतो, मग तुम्ही कोणाच्या मारता?

तो हसला. मीही हसलो. रॉइस हसला नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

घरी. १२७ आणि १३८ चा हिशेब मांडून बघितला. सेकंदाला जवळजवळ नव्वद फुटांचा फरक पडतो. घट्ट नळीने तीस फूट पडेल. त्याची मॅगझिनं ट्रकमध्ये तापली असं धरलं तर आणखी दहा. (आभाळ होतं. पाच.) राहिले पंचावन्न.

पंचावन्न फूट अनुत्तरित. एखाद्या पंपाबाबत इतकी तफावत निघाली असती तर मी त्याला लाल चिठ्ठी लावून बंद केला असता. पण भाऊ म्हणजे पंप नव्हे.

बुधवार, १८ सप्टेंबर

दुपारी मार्ला, रॉइसची बायको, जनेलचं कॅसरोलचं भांडं परत द्यायला आली. भांड्यात रॉइसला दिलेला माझा गोळ्यांचा डबा होता.

म्हणाली, ट्रक धुताना सीटखाली सापडला. तुमचा डबा तुम्हाला लागत असेल. रॉइस म्हणतो, राहू दे, मी देईन नंतर, पण तो कुठला देतोय! मग उचलून माझ्या हातात ठेवताना म्हणाली, अगं बाई, किती जड आहे. भरलेलाच आहे की काय?

जनेल पटकन म्हणाली, मार्ला, कॉफी घेणार ना?

मी खोलीत जाऊन मोजल्या. दोनशे. चिठ्ठी जशीच्या तशी. झाकणाची चिकटपट्टीसुद्धा उचकटलेली नाही.

म्हणजे अकरावा आला तो दुकानातल्या गोळ्यांनी. आणि मी तिथे उभा राहून लोकांशी हात मिळवत होतो, आणि तो नाडी बांधत होता. सांगायचं होतं ना तोंडावर, की केन, भरवसा राहिला नाही. अकरा वर्षं! त्याच्या आठवड्याच्या सरावासाठी मी माझे शनिवार घातलेत. त्याच्या लग्नाच्या सकाळीसुद्धा त्याच्या गोळ्या भरत होतो.

मनात आलं की माझं मन राखायला तो खोटं बोलला असेल. पण हे तर जास्तच वाईट. मन राखायचं ते आजाऱ्याचं किंवा मुलाचं.

त्याला संदेश लिहिला. पुसला. पुन्हा लिहिला, सभ्य भाषेत. तोही पुसला.

जनेलला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, मला एवढंच माहीत आहे की मार्लाने त्याला शपथ घातली होती, तुझ्या गोळ्या मारायच्या नाहीत म्हणून. जूनपासून.

शुक्रवार, २० सप्टेंबर

ठरलं. दोनशेच्या दोनशे गोळ्या फोडायच्या. प्रत्येकीतली दारू वजन करायची. ऑफिसात पंपांसाठी करतो तसा तक्ता: क्रमांक, वजन, तफावत, शेरा. खाली सही, तारीख. तो तक्ता रॉइससमोर ठेवायचा. एक शब्द बोलायचा नाही. वाचून झाल्यावर जे बोलायचं ते त्यालाच बोलू द्यायचं.

माफी मागितलीच तर लगेच स्वीकारायची नाही. एक-दोन दिवस जाऊ द्यायचे.

शनिवार, २१ सप्टेंबर

सकाळी ९.१०. सुरुवात. गोळी पोकळ हातोडीत अडकवायची, लाकडी ठोकळ्यावर तीन ठोके. शिसं आणि दारू खाली पडतात. वीस झाल्या. सगळ्या बरोबर.

११.००. चौसष्ट. तफावत नगण्य. इतकी एकसारखी भरणी कारखान्यातही होत नसेल. जनेल दार न वाजवता आत आली. म्हणाली, सकाळपासून ठोकतोयस, राग कोणावर काढतोस? म्हणालो, राग नाही, पुरावा आहे. ती म्हणाली, त्याची बोटं आहेत ना रे अजून दहाच्या दहा? मग झालं की.

१.३०. एकशे बारा. सँडविच इथेच खाल्ला. तक्त्यासोबत द्यायच्या पत्राचं पहिलं वाक्य सुचलं: 'प्रिय रॉइस, संशय ही सोपी गोष्ट आहे.' छान जमलंय.

२.४५. एकशे अठ्ठावन्न. खांदा भरून आलाय. सगळ्या बरोबर. 'प्रिय' काढून टाकलं.

३.२०. एकशे एकाहत्तर. तीन ठोके. शिसं पडलं. दारू पडली नाही. आणखी दोन ठोके. हातोडी उलटी करून झटकली. पुंगळीत टॉर्च मारला. तळाचं पितळ चकाकत होतं.

वजन केलं. शून्य. काटा बिघडलाय का ते तपासलं. काटा बरोबर आहे.

४.१५. राहिलेल्या एकोणतीस फोडल्या. सगळ्या बरोबर. एकच.

ऑगस्टची दहा तारीख मागे जाऊन वाचली. हवा कोरडी, दार बंद, फोन गाडीत, घरात कोणी नाही. प्रत्येक पुंगळीत बघितलं असं लिहिलंय. अक्षर माझंच आहे. मला बघितल्याचं आठवतंसुद्धा. एकशे एकाहत्तरावीत बघितल्याचंही आठवतं.

तक्त्यात एकशे एकाहत्तरसमोर शेऱ्याची जागा आहे. 'ओलावा' लिहून बघितलं. खोडलं.

त्या दिवशी रॉइसने माझा डबा वापरला असता तर शेवटच्या टप्प्यापर्यंत ही गोळी आली असती. तिथे तो घाईत असतो. स्लाइड फार जलद ओढतो. ते मीच त्याला शिकवलं.

उद्या: चर्चच्या आधी रॉइसकडे जाऊन एकशे एकाहत्तरावी पुंगळी त्याच्या हातात द्यायची.