अम्माचं बटण

१२ नोव्हेंबर
अल्मासने आज गेमचा डबा उघडला! अब्रारने सेकंडहँड आणलेला. टीव्हीला लावून बापलेक त्यावर गाड्या पळवायचे. स्क्रू निघताना मला बघवेना.
"अम्मी, आतले खेळ सगळे जातील. पुसू?"
पूस म्हटलं.
सगळं सासूबाईंसाठी चाललंय — आम्ही त्यांना अम्माच म्हणतो. लकवा मारून वर्ष झालं. समजतं सगळं, पण जीभ वळत नाही. डाव्या हाताची बोटं तेवढी हलतात.

१५ नोव्हेंबर
गेमच्या रिमोटमधून दोन तारा काढून पोरीने दारावरच्या बेलचं बटण जोडलं, ते अम्माच्या डाव्या हाताखाली ठेवलं. टीव्हीवर चित्रांचे चौकोन. उजेड एकेका चौकोनावर सरकत जातो, हव्या त्या चित्रावर आला की दाबायचं.
अम्माने पहिलं काय दाबलं? पाणी नाही, भूक नाही. पंखा बंद!
वर्षभर तो गार वारा अंगावर सोसत होती बाई. आम्ही आपले मायेने लावत होतो.

१६ नोव्हेंबर
धाकटा दीर तल्हा कुंभिवलीचं टायरचं दुकान बंद करून आला. बटण बघून खूश. "भाबी, ही पोरगी कुनावर गेली गं? आमच्या खानदानात तर फ्यूज बदलायला पन मानूस बोलवतात!"
अल्मास म्हणाली, आता अक्षरं घालते. दादीला मराठी वाचता येत नाही, पण आपल्यासारखं कुराण वाचते ना — तीच अक्षरं जोडून आपली बोली लिहील.
तल्हाचं हसू गेलं. मला चुलीपाशी नेऊन म्हणाला, "चित्रंच राहू द्या. अक्षरं आली का अम्मा भाईचं विचारनार. काय सांगाल?"
खरंच, काय सांगू? अब्रारला जाऊन सहा महिने होत आले. जनाजा तल्हाच्या घरून उठला, अम्माला कळू नये म्हणून. डॉक्टर बोलले होते — धक्का नको. तिला सांगितलं, अब्रार कतारला कामाला गेला. नवरा गेल्यावर बाईने पाळायच्या इद्दतीला मी चार महिने घरात बसले, तर गुडघा सुजल्याचं सांगितलं. इद्दतभर गुडघा!

१८ नोव्हेंबर
कशात मन नाही. मी चाळिशीला मराठी वाचायला शिकले, पुड्यांच्या कागदांवरून. पहिला शब्द लागला तेव्हा एकटीच हसत बसले होते. आणि अम्माला पंखा-पाण्यावर ठेवायचं? आमचं खोटं टिकावं म्हणून?
अल्मासला म्हटलं, घाल अक्षरं.
तल्हा फोनवर तापला — "मग तुमीच सांगा तिला! मी नाय त्यात!"
सांगेन म्हटलं. कसं, ते अल्लाला ठाऊक.

२० नोव्हेंबर
अक्षरं चालू झाली. अम्मा बघत राहिली. बटण दाबलंच नाही.

२१ नोव्हेंबर
आज दाबलं. अक्षराला अक्षर लागलं — अब्रार.
मी जवळ बसले. "अम्मा, अब्रार..." तिने डोळे मिटून मला थांबवलं. बोटं पुन्हा बटणावर. अल्मास मोठ्याने वाचत होती, मग तिने ओढणीत तोंड लपवलं. उरलेलं मी वाचलं.
"तुमी सगळे रडून घेतलंत. मी कवा रडू?"