मक्याच्या शेतातली रांगोळी

रविवार संध्याकाळ, नोव्हाय गाव, अमेरिका

अंगठी सापडली! तरी डोक्यात घोळतेय ती पांढरी रेघच.

डेल या इथल्या शेतकऱ्याचं मक्याचं शेत गावाबाहेर. बायको गेल्यापासून तो तिची अंगठी करंगळीत घालायचा. ती अंगठी मक्याच्या कापणीत पडली, आणि शोधून द्यायचं मी अंगावर घेतलं. एवढ्या मोकळ्या शेतात मेटल डिटेक्टर हाताने फिरवला की खांदा भरून येतो. म्हणून मी डिटेक्टरची खालची चकती, म्हणजे कॉइल, बर्फावरून घसरायच्या प्लॅस्टिकच्या स्लेडमध्ये बसवली, एकही खिळा न वापरता (नाहीतर डिटेक्टर त्यालाच वाजला असता), आणि स्लेड दोरीने ओढली. कुणी शिकवलं नाही, सगळं माझं मी. तरी दोन रविवार वाया गेले.

आज माझी बायको माधुरी सोबत होती. कडेला उभी राहून म्हणाली, "अहो, त्याच पट्ट्यावरून पुन्हा जाताय आणि शेजारचा सोडताय."

"माझी नजर पक्की आहे."

"हो, दिसतंय ना!"

तिने गाडीतून दिवाळीची रांगोळी आणली, पिशवीला भोक पाडून स्लेडमागे बांधली. मी आधी रांगोळीवर डिटेक्टर धरून तपासलं. आवाज नाही. मग ओढत निघालो, तर मागे पांढरी रेघ! परतताना स्लेडची कड त्या रेघेला लावायची, बस. इतकं साधं, आणि मला सुचू नये? काय डोकं आहे हिचं!

सुटलेल्या पट्ट्यातच बीप वाजला.

अंगठी द्यायला गेलो तेव्हा मला डेलला स्लेडची रचना समजावायची होती. पण त्याने अंगठी करंगळीत सरकवली, मूठ मिटली आणि बायकोशी बोलावं तसं हळूच म्हणाला, "हाय, हनी."

मी स्लेडची दोरी गुंडाळू लागलो.