समुद्रातून आपलं घर कसं दिसतं

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण आठांपैकी दोन अंगं (दोन्ही गुडघे) सध्या पट्टीत गुंडाळलेली आहेत, तेव्हा तूर्त षडांग गोड मानून घ्यावा. मोतीबिंदू काढलेला डोळा कसा आहे? थेंब आपणहून घालता, की मामींना बाटली घेऊन घरभर तुमच्यामागे फिरावं लागतं? मामींचा रक्तदाब आणि शेजाऱ्यांशी चाललेलं कुंपणाचं भांडण, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा. इकडे आम्ही ठीक. मी अजून त्याच दुकानात लोकांचे डोळे तपासून चष्मे बसवते, हे अजून मागच्या खोलीत बसून कवळ्या घडवतात. चेहऱ्याचा वरचा भाग माझ्याकडे, खालचा यांच्याकडे. मधलं नाक तेवढं देवाच्या भरवशावर सोडलंय.

तर गुडघ्यांचं असं झालं. आमचं दुकान समुद्रासमोर आहे. अक्षरांच्या तक्त्याशेजारीच खिडकी, त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं शेवटची ओळ वाचायची सोडून बोटींकडे बघत बसतात. मीसुद्धा लग्न होऊन आल्यापासून रोज हा समुद्र बघतेय, पण घोट्याच्या वर कधी भिजले नव्हते. एक दिवस निवृत्त झालेल्या एक शिक्षिका दुकानात आल्या (सगळे त्यांना भूगोलबाई म्हणतात, त्याही हाकेला ओ देतात). त्यांना पोहायचा चष्मा नंबर घालून हवा होता. मी आपलं धंद्याच्या कुतूहलापोटी विचारलं, “पाण्याखाली एवढं काय बघायचं असतं हो?”

“पाण्याखाली काही दिसत नाही, सगळं गढूळ,” त्या म्हणाल्या. “पण आत जाऊन मागे वळलं की गाव दिसतं. तुमचं घर तिथून कसं दिसतं, माहितीय का तुम्हाला?”

मामा, मला माहीत नव्हतं! ज्या गावावर माझा एवढा जीव, त्याचा चेहराच मी बघितला नव्हता. इतकी वर्षं त्याच्या कानामागे राहिल्यासारखी राहिले होते. रात्री यांना विचारलं, तर हे म्हणाले, “घर घरासारखंच दिसत असणार,” आणि कुणाच्या तरी दाढेकडे वळले. पण माझ्या डोक्यातून ते काही जाईना.

भूगोलबाईंची मंडळी ट्रायथलॉनची तयारी करतात. म्हणजे आधी समुद्रात पोहायचं, बाहेर येऊन तशाच ओल्या अंगाने सायकल चालवायची आणि सायकल टाकून धावत सुटायचं (कुणी पाठीस लागलेलं नसताना). मी फक्त पोहण्यापुरती गेले होते. पण अशा ठिकाणी एक पाय टाकला की बाकीचं अंग आपोआप ओढलं जातं. पहिल्याच आठवड्यात माझं नाव तिन्ही गोष्टींत लागलं.

सुरुवात तलावावर. शिकवणारे गृहस्थ तोंडाने बोलतच नाहीत, फक्त शिट्टी वाजवतात, आणि कुठल्या शिट्टीचा अर्थ काय हे बुडता बुडता आपलं आपण ओळखायचं. माझ्या तुकडीतल्या बाकी सगळ्यांचे दुधाचे दात पडायचे होते. श्वास पाण्यात सोडायचा आणि बाहेर घ्यायचा असतो, मी नेमकं उलट करत होते, तेव्हा शेजारची एक चिमुरडी कळवळून म्हणाली, “काकू, पाणी पिऊ नका. आम्ही सगळे त्यातच असतो.” त्या दिवसापासून माझा श्वास सुधारला.

सायकल भूगोलबाईंच्या भावजयीची. तिला जोडून खास बूट येतात, ते पेडलमध्ये खटकन अडकतात, म्हणजे पाय निसटत नाही. पाय निसटत नाही हे किती भयंकर आहे ते मला भर चौकात, लाल दिव्यापाशी कळलं. सायकल थांबली. मीही थांबले. मग आम्ही दोघी मिळून, अजिबात घाई न करता, डावीकडे आडव्या झालो. शेजारी बस उभी होती आणि तिची प्रत्येक खिडकी भरलेली होती. वाहतूक पोलिसाने येऊन मला आणि सायकलला एकत्रच उचलून उभं केलं, कारण आम्ही सुट्या होत नव्हतो. हा डावा गुडघा. (उजवा दुसऱ्या दिवशी, त्याच चौकात. पोलीस मला बघूनच रस्त्याच्या कडेने पुढे सरकला होता.)

धावणं त्यातल्या त्यात सोपं. तिथे बुडायची भीती नाही, आपटायची नाही; जाते ती फक्त अब्रू. बंदराच्या रस्त्यावर एक गृहस्थ बाबागाडी ढकलत, फोनवर बोलत माझ्या पुढे निघून गेले. परत येतानाही त्यांनी मला गाठलं. बाळाने मान वळवून माझ्याकडे इतक्या करुणेने बघितलं की मला भरून आलं.

आणि मग गेल्या रविवारची रंगीत तालीम. खरी शर्यत पुढे आहे, पण तालमीतही वेळेचं बंधन, नाव पुकारणं, सगळं साग्रसंगीत. मला एकच सिद्ध करायचं होतं, की मी वेळेत पाण्याबाहेर येऊ शकते. येऊ शकले नाही, तर शर्यतीत घेणार नव्हते. यांना मी तालमीचं सांगितलं होतं, समुद्राचं सांगितलं नव्हतं. (समुद्र म्हटलं की यांचा चेहरा मेण उतरवलेल्या कवळीच्या साच्यासारखा पांढराफटक होतो. यांना पोहता येत नाही.)

निम्मं अंतर मी बरी गेले. सगळ्यांत मागे, थोडी तिरकी, पण जात होते. मला सोबत म्हणून भूगोलबाई मुद्दाम सावकाश पोहत होत्या. वळायची खूण म्हणून पाण्यात बांधलेल्या लाल फुग्याला वळसा घालताना त्या एकदम थांबल्या. “पायात गोळा आलाय,” म्हणाल्या, अगदी वर्गात हजेरी घ्यावी तशा. मग त्यांचं डोकं एकदा खाली गेलं. वर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती बघितली.

मामा, वाचवायचं कसं हे मला कुणी शिकवलेलंच नाही. मी एका हाताने फुग्याची दोरी धरली, दुसऱ्याने त्यांच्या पोहायच्या पोशाखाची पाठ धरली (गिऱ्हाइकाला असं धरणं दुकानात शोभलं नसतं) आणि म्हटलं, “बाई, पाठीवर व्हा आणि मला भूगोल शिकवा.” त्या म्हणाल्या, “आत्ता?” मी म्हटलं, “मग कधी?” त्या थरथरत पाठीवर झाल्या. भरती कशी येते, वारा कुठून वाहतो, आपण किनाऱ्याकडे सरकतोय की बाहेर, असं दात वाजवत सांगत राहिल्या. मी दोरी ओढून फुगा नाचवला आणि ओरडले. किनाऱ्यावरची राखणीची होडी निघाली, पण होडी निघताना दिसते आणि येताना येतच नाही. आणि तेवढ्यात मी मागे वळले.

गाव एवढंसं आहे, मामा! बंदर, दीपस्तंभ, आमचं दुकान, सगळं एका पट्टीवर मावतं. आमची गॅलरी मी वाळत घातलेल्या चौकड्यांच्या चादरीवरून ओळखली. पण मला काही सुचेनासं झालं ते त्यामागच्या डोंगराने. केवढा तो डोंगर! गल्लीतून त्याचं नुसतं टोक दिसतं, मला ती टेकडी वाटायची. सगळं गाव त्याच्याकडे पाठ करून समुद्र बघत बसलंय, आणि मीही त्यातलीच. मी बाईंना म्हटलं, “एवढा मोठा आहे हे तुम्ही सांगितलं का नाही?” त्या म्हणाल्या, “सांगून कुणाला पटतं?” आणि आम्ही दोघी, एक गोळ्याने आणि एक भीतीने कापत, हसायला लागलो. होडीवाल्याला वाटलं रडतोय.

बाई सुखरूप आहेत, त्याच संध्याकाळी त्यांनी फोन करून माझा श्वास अजूनही चुकतो हे सांगितलं. वेळ अर्थातच कधीच टळून गेली होती. किनाऱ्यावर उतरले तर हे समोर उभे, कामाचा ॲप्रन घालून, बुटांसकट गुडघाभर पाण्यात. कुणीतरी दुकानात येऊन सांगितलं होतं. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. यांनी ॲप्रन काढून माझ्या खांद्यांवर टाकला. मग विचारलं, “घर कसं दिसत होतं?”

मी डोंगराचं सांगितलं. काल दुपारी दुकान बंद करून आम्ही दोघं तो बघायला गेलो. आणि शिट्टीवाल्या गृहस्थांनी तोंड उघडून पहिलंच वाक्य उच्चारलं, ते हे की मला शर्यतीत घेतलंय.

मामींना नमस्कार. डोळ्याला पाणी लागू देऊ नका, असं मी कुठल्या तोंडाने सांगावं? तरी लागू देऊ नका.

तुमची भाची

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. यातलं काहीही आईला माहीत नाही. लहानपणी तिने मला बादलीतसुद्धा वाकू दिलं नाही, हे तुम्ही जाणताच. आणि जगात ती ऐकते फक्त तिच्या थोरल्या भावाचं. तेव्हा तिला घरी बोलवा, जेवू घाला, आणि बेताबेताने सांगा. आधी धावणं, मग सायकल. समुद्र अगदी शेवटी, मामी जवळ असताना.

दुसरा ता. क. सांगू नका. यांनी आत्ता पत्र वाचलं आणि कबूल केलं की त्याच रविवारी घाबरून यांनी आईला फोनवर सगळं सांगून टाकलंय. ती ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, “पाणी गार होतं का?” आणि फोन ठेवला. मी स्वतः विचारायला फोन केला तर तिने हवापाण्याच्या गप्पा काढल्या.

तिसरा आणि खरा. मामा, तुमचं दोघांचं लहानपण नदीकाठी गेलं. खरं सांगा, आईला पोहता येतं का?