दगडातला हातोडा

सालेम क्रीक, टेक्सस
३ सप्टेंबर १९८४

चि. नादीनला अ. उ. आ.

पार्सल फोडताना पाय सांभाळ, दगड जड आहे. आपल्या ओढ्याकाठी सापडला. आत हातोडा आहे, दांड्याचं टोक तेवढं बाहेर. बायबलातल्या नोहाच्या आधीच्या कुणा सुताराचा असणार. प्रलयाच्या गाळात गाडला गेला आणि गाळाचा दगड झाला. तुमची शास्त्रज्ञ मंडळी म्हणतात, इथला खडक दहा कोटी वर्षांचा. मग त्या काळी खिळे कोण ठोकत होतं, डायनोसॉर? तुम्ही खडकावरून शिंपल्याचं वय सांगता आणि शिंपल्यावरून खडकाचं. चोर चोर मावसभाऊ!

तरी दगडाच्या वयाचा तुझ्या प्रयोगशाळेचा कागद हवाच. पाद्री ब्रदर हार्की म्हणतात, विरोधकाची साक्ष सगळ्यांत भारी. चर्चमधली प्रदर्शनाची नवी खोली एकवीस ऑक्टोबरला उघडणार, तेव्हा कागद मी वाचून दाखवणार आहे.

आईचे गुडघे तसेच. रविवारी तुझ्या भावाचं ताट मांडणं ती काही सोडत नाही. लॉनी पुरात गेला त्याला सत्तावीस वर्षं झाली, पण अजून लायब्ररीत जाऊन कॅलिफोर्नियाच्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांत त्याचं नाव शोधते. प्रेत मिळालं नाही, म्हणजे पोरगा कुठेतरी आहे, असं तिचं म्हणणं. मी वाद घालत नाही.

देव तुला सुबुद्धी देवो, एवढंच मागणारा,
बाबा

टूसॉन, २४ सप्टेंबर १९८४

ती. बाबांना सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. लाकडातला कार्बन मोजला. झाड तोडून दोनशे वर्षंसुद्धा झालेली नाहीत. तुम्ही म्हणाल, प्रलयाआधीची हवा वेगळी होती, कार्बन कमी होता. तसं मानलं तर लाकूड आहे त्याहून जुनं दिसायला हवं, कोवळं नव्हे. आणि हा दगड त्या जुन्या खडकाचा तुकडा नाहीच. आपल्या पाण्यात चुना किती आहे ते आईच्या किटलीला विचारा. लोखंडाभोवती असं कवच वीस-तीस वर्षांत चढू शकतं.

इथवर आपलं नेहमीचं भांडण. पुढचं भांडण नाही. मी एक्स-रे काढला. हातोड्याच्या मानेला कुंपणाच्या तारेचे तीन वेढे आहेत, डावखुऱ्या माणसानं पिळावेत तसे उलटे. लॉनी तो दांडा बांधत होता तेव्हा तारेचं दुसरं टोक मी धरलं होतं, बाबा. नऊ वर्षांची होते मी.

दांड्याचं टोक कुणीतरी नुकतंच कानशीनं घासलंय. कुणी? मला फार भीती वाटते. आईला सांगायला मी येऊ का?

रागवा हवं तर, पण मला परकी करू नका.
तुमची,
नादीन

सालेम क्रीक
२ ऑक्टोबर १९८४

चि. नादीनला अ. उ. आ.

टोक मीच घासलं. तिथं त्यानं तापल्या खिळ्यानं आपलं अक्षर उमटवलं होतं. दगड उचलला तेव्हाच ओळखला. दूर कुठेतरी पुरून टाकायला निघालो होतो, तर वाटेत ब्रदर हार्की भेटले. ट्रकमध्ये डोकावले आणि म्हणाले, हा तर प्रलयाआधीचा! मी हो म्हटलं. कानस मग घरी येऊन घेतली.

त्या दिवशी शेळ्या पलीकडच्या कुंपणात अडकल्या होत्या आणि ओढा चढत होता. पाणी वाढतंय, असं तो दोनदा म्हणाला. मी त्याला भित्रा म्हटलं, म्हणून हातोडा घेऊन गेला. तुझ्या आईला हे माहीत नाही. नोहा सांगत होता तेव्हा लोक हसले. आमच्या ओढ्यावर लॉनी सांगत होता आणि हसलो मी.

हातोडा नोहाच्या काळचा आहे तोवर तुझी आई ताट मांडू शकते. तेव्हा वय ठरवता आलं नाही, एवढाच कागद पाठव. जन्मभर वयांवरून तुझ्याशी भांडलो. आज तुझं खरं आहे आणि मी तुझ्याकडे खोटं मागतोय.

जमलं तर क्षमा कर.
बाबा

सालेम क्रीक
४ ऑक्टोबर १९८४

चि. नादीनला आईचे अ. उ. आ.

तुझा लिफाफा टपालपेटीतून मीच काढला. किटलीच्या वाफेवर उघडला, वाचला आणि परत चिकटवून यांच्या हातात दिला. यांना पत्ता नाही, आणि लागू देऊ नकोस. हे तुझ्याकडे काय मागणार ते मला कळतं, पंचेचाळीस वर्षं संसार केलाय. मागतील तसं लिहून दे, बाई. त्या दिवशी स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. भित्रा म्हणाले ते मी ऐकलं होतं. हातोडा लॉनीचा आहे हे मला कळलंय, असं यांना समजलं तर हे ओढ्यावर जातील आणि परत यायचे नाहीत.

मी ताट मांडत राहीन. मी वाट पाहतेय असं यांना वाटलं पाहिजे. या रविवारीही त्याच्या ताटात मक्याचा पाव वाढला.

तुझ्या शास्त्रातलं मला कळत नाही. एकच विचारते, त्याचं मात्र खरं उत्तर दे. तुमच्या यंत्रात एवढं दिसतं का, की हातोडा त्याच्या हातून लगेच सुटला, की पोर बराच वेळ धरून होतं?

उत्तर घरी नको, लायब्ररीच्या पत्त्यावर पाठव. गुरुवारी मी तिथं जाणारच आहे, डिरेक्टऱ्या चाळायला.

तुझी,
आई