बुजऱ्या मुलांविषयी माझं संशोधन

४ ऑगस्ट, सोमवार
पीएचडीच्या प्रबंधाला आजपासून खरी सुरुवात. आतापर्यंतची वर्षं विचारात गेली, ती गेलीच पाहिजेत. विषय: चारचौघांत बुजणारी आणि वाचनात मागे पडणारी शाळकरी मुलं. साठ मुलाखती हव्यात. रोज तीन म्हटल्या तर वीस दिवस. विभागप्रमुखांनी महिन्याभराची मुदत दिली आहे. त्यांना संशोधनातलं काही कळत नाही, मुदती तेवढ्या कळतात.

५ ऑगस्ट, सकाळी ११
शाळेच्या मुख्याध्यापिकेला फोन करायचा. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. चार मसुदे झाले. चौथा बरा.

दुपारी ४
फोन लावला. बाईंनी दुसऱ्याच रिंगला उचलला. एवढ्या मोठ्या शाळेत त्यांना काही काम नसावं. अशा रिकामटेकड्या बाईशी काय बोलायचं, म्हणून ठेवून दिला. त्यांचाच उलटा फोन आला. घेतला नाही. मागे लागणारी माणसं मला आवडत नाहीत.

११ ऑगस्ट, सोमवार
समक्ष गेलो. फाटकासमोरच्या फुटपाथवर पंचवीस मिनिटं निरीक्षण केलं. शिपायाने दोनदा विचारलं, कोण पाहिजे. त्याला संशोधन समजावण्यात अर्थ नव्हता. पत्ता चुकला म्हणालो. तर तो मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. मठ्ठ माणूस.
मुलाखती शून्य. निरीक्षण एक.

१२ ऑगस्ट
आमच्या मानसशास्त्र विभागात नवी लेक्चरर आली आहे. अखंड चिवचिवते, म्हणून मी तिला चिमणी म्हणतो. मनातल्या मनात. विभागप्रमुखांनी तिलाही याच कामाला लावलं. त्याच शाळेत जाऊन तिने आठवड्यात अकरा मुलाखती आणल्या. पद्धत विचारली. म्हणे, मुलांबरोबर जमिनीवर बसते, आधी पत्ते खेळते, मग ती आपणहून बोलतात. याला संशोधन म्हणत नाहीत. चकाट्या पिटणं म्हणतात.

१४ ऑगस्ट, गुरुवार
घरी कटकट. आमची मुलगी नववीत आहे. सकाळी म्हणाली, शाळेत जाणार नाही. का, तर आज वर्गात धडा मोठ्याने वाचायची पाळी तिची. बायको म्हणाली, हिला कुणाला तरी दाखवू या. घरात तज्ज्ञ असताना बाहेर कशाला, असं मी विचारलं. ती डबा भरायला निघून गेली. तिला मुद्दा पटला असावा.
मग मीच तपासलं. वर्तमानपत्र हातात दिलं, वाच म्हटलं. एकाच ओळीवर तीनदा अडखळली, मग मान खाली घालून गप्प. निष्कर्ष: आळस. सोबत हट्ट. दहा मिनिटांत निदान झालं. चिमणीला एकेका मुलामागे दीड तास लागतो.
शाळेत पाठवलीच. आल्यावर जेवली नाही. नखरे.

२१ ऑगस्ट
बायकोने मला न विचारता चिमणीला चहाला बोलावलं. दोघींची ओळख कधी झाली, देव जाणे. मला काम होतं, म्हणून आतल्या खोलीत थांबलो. दार किलकिलं होतं.
बाहेर कुणीतरी खळखळून हसत होतं. आधी टीव्ही वाटला. आमची मुलगी होती.
मग तिने एक पान वाचलं. अडखळत, पण पूर्ण. चिमणीला सांगत होती की अक्षरं एकमेकांत घुसतात, ओळ हातातून निसटते, मुलं हसली की आवाजच फुटत नाही. म्हणून आदल्या दिवशी आईकडून धडा वाचून घेते आणि अख्खा पाठ करते. पुस्तक नुसतं समोर धरते. कितीतरी वर्षं असंच चाललंय.
जाताना चिमणी म्हणाली, सर, एवढी मेहनत करणारं मूल मी पाहिलं नाही, तिची रीतसर टेस्ट करू या. मी म्हणालो, पाठांतर ही चांगलीच सवय आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. या पिढीला थोरामोठ्यांकडे कसं बघावं तेही शिकवलेलं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार
विभागात प्रगतीचा सेमिनार. समोर बारा जण, त्यातले तीन पेंगत होते. असल्या श्रोत्यांपुढे काय बोलणार. उभा राहिलो, पहिली स्लाइड दाखवली, माइकने दगा दिला. चिमणी म्हणते, माइक नव्हताच. दोन मिनिटांत आटोपतं घेतलं. थोडक्यात सांगणं सगळ्यांना जमत नाही.
विभागप्रमुखांनी उरलेला वेळ चिमणीला दिला. तिच्या बावन्न मुलाखती झाल्या आहेत. यापुढे मुलांना तीच भेटेल, मी लेखी कामं बघायची. एका अर्थी ही बढतीच.

१५ सप्टेंबर, सोमवार
मुलीची टेस्ट. बायकोने परस्पर ठरवली. चिमणीची खोली लहान, खुर्च्या त्याहून लहान. मुलगी आत दोन तास होती. शेवटचा भाग तिला एकटीने सोडवायला देऊन चिमणी आमच्याकडे आली, पालकांचा फॉर्म भरायला. फॉर्म विभागाचा, त्यातले प्रश्न मी काढलेले. भाषा अचूक आहे.
प्रश्न सातवा: ही अडचण तुमच्या पहिल्यांदा कधी लक्षात आली?
मी म्हणालो, प्रश्न मोघम आहे. चिमणी म्हणाली, सर, तुम्हीच लिहिलाय.
उत्तर बायकोने दिलं. म्हणाली, मुलगी दुसरीत असताना. तेव्हा मी यांना बसवून सगळं सांगितलं होतं. हे म्हणाले, या विषयावर पीएचडी होईल. त्याच आठवड्यात नाव नोंदवलं.
ती चिडून बोलली नाही. तारीख आठवावी तसं बोलली. चिमणीने ते शब्दशः उतरवून घेतलं आणि माझ्यासमोर सहीसाठी ठेवलं. सही केली.
मुलगी बाहेर आली. दमली होती, तरी आईचा हात धरून भडाभडा बोलत होती. कुठला भाग सोपा गेला, कुठे घाम फुटला, ताई काय म्हणाल्या. मग तिने मला पाहिलं आणि गप्प झाली.
एवढी नोंद केली आहे. पुढे निष्कर्ष लिहायचा राहिलाय.