आत कोण बसणार?

एश्बॉर्न, ३ मार्च २०२५

चि. निलूस अनेक आशीर्वाद.

फोनवर दोघी बहिणी भांडतो, म्हणून तुझ्याच अटीप्रमाणे पत्र लिहिते. माझ्या कुहूचं लग्न सतरा मेला. सकाळी स्टॅण्डेसआम्टमध्ये, म्हणजे सरकारी नोंदणी कचेरीत सह्या, मग फ्रीडरिष्सडॉर्फला मॉर्मन लोकांच्या टेंपलमध्ये. मी हौसेनं अक्षता करून ठेवल्या आणि काल कार्टी म्हणाली, आई, तुला आत येता येणार नाही. देवळात आईला मज्जाव! रविवारी त्यांच्या प्रार्थनेला नेलं तेव्हा कुणी अडवलं नव्हतं, उलट केक खाऊ घातला.

नवऱ्यामुलाची, योनासची आई रेनाटे मात्र आत बसणार. वर कुहूनं सुनावलं, मॉर्मन म्हणू नकोस, पूर्ण नाव घे. त्या नावात येशू आहे, ‘अंतिम दिवस’ आहेत आणि संतही आहेत म्हणे. रेनाटे संत! मी तिच्या सॅलडला नावं ठेवली तर तीन आठवडे बोलली नव्हती. मला तिचा हेवा वाटतो, स्पष्टच लिहिते. कुहू तीन वर्षं तुझ्या घरी राहते, तूच समजाव तिला.

माया पातळ करू नकोस.
तुझी ताई

न्युरेम्बर्ग, १० मार्च

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी जमायची जागा सगळ्यांना खुली असते, टेंपल वेगळं. तिथे बाप्तिस्मा झालेल्यांनाच, तेही बिशपना मुलाखत देऊन ओळखपत्र मिळालं तरच जाता येतं. तिथे बांधलेली गाठ मरणानंतरही सुटत नाही, असं मानतात.

संत म्हणजे कुणी पोचलेले नव्हेत गं, येशूच्या मागे जायचं ठरवलेली साधी माणसं. आणि ‘अंतिम दिवस’ म्हणजे हे आपले चालू दिवस. टोपणनावात येशूचंच नाव गळतं, म्हणून कुहूचा हट्ट. बाहेर बाग छान आहे, तिथे बसता येईल.

रागावलीस तरी आपली म्हण.
निलू

एश्बॉर्न, १५ मार्च

चि. निलूस आशीर्वाद.

मुलाखत, ओळखपत्र, बाग... तुला बरं इतकं ठाऊक! दिवाळीत माझ्याकडे चहाला नको म्हणालीस, पित्ताचं कारण दिलंस. जिचे डोळे चहाशिवाय उघडत नाहीत, ती तू! ही माणसं चहा-कॉफी घेत नाहीत, हे मला कुहूमुळे माहीत आहे.

सरळ विचारते. सतरा मेला तू कुठे बसणार आहेस?

ताई

न्युरेम्बर्ग, २० मार्च

ती. ताईस नमस्कार.

आत.

माझ्या बाप्तिस्म्याला दोन वर्षं झाली. कुहूनं मला नेलं नाही, मीच तिला नेलं. श्यामकांत गेल्यावर घर खायला उठायचं. आमची नवराबायकोची गाठ अजूनही बांधता येईल असं तिथे कुणीतरी म्हणालं आणि मी जात राहिले. तुला सांगायचं धाडस झालं नाही. लग्नात सोबतीला कुहूनं मला बोलावलंय. तू म्हणालीस तर मी बाहेर तुझ्याजवळ बसेन.

तुझीच,
निलू

एश्बॉर्न, २८ मार्च

निलूस,

आठ दिवस तुझं नाव घेतलं नाही. रेनाटेचा हेवा आता पोरखेळ वाटतो. ती परकी. तू माझी सख्खी बहीण, आणि माझी मुलगी तुझ्या घरी राहून तुझी झाली. जळतेय मी, दुसरा शब्द नाही. श्यामकांतरावांसाठी तू कुठे कुठे गेलीस, हे मला परक्यासारखं पत्रातून कळावं, याचंही वाईट वाटतं.

बाहेर बसू नकोस. योनासकडची नऊ माणसं आत आणि कुहूच्या माहेरचं कुणीच नाही, हे मला चालायचं नाही. तू जा. लग्न लागलं की तिच्या डोक्यावरून हात फिरव. माझ्याआधी तू फिरवणार, तेच खुपतंय. तरी फिरव.

लोभ आहेच. वाढेल की नाही, ते आत्ता विचारू नकोस.

ताई